दोन फोटोंच्या मधलं पाणी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही धरणाचे दोन फोटो शेजारी शेजारी छापलेत, डावीकडं काठोकाठ भरलेलं, उजवीकडं भेगाळलेलं, वर मोठ्या अक्षरात ‘तेव्हा आणि आता’. फोटो झकास आहेत, फोटोग्राफरला माझी शाबासकी सांगा, पण चहा पिता पिता ते बघत बसलो आणि डोक्यात जो किडा वळवळायला लागला तो चार दिवस झाले तरी जाईना, म्हणून हे पत्र. मी जन्मभर शाळेत चित्रकला शिकवली, एलिमेंटरी-इंटरमीजिएटला पोरं बसवली, आता रिटायर आहे, म्हणजे वेळ आहे आणि आमची मंडळी म्हणते तसं तोंडही आहे. पत्र लांबलं तर खुशाल कात्री चालवा, फक्त घोड्याचा भाग कापू नका.

तर मुद्दा असा की या दोन फोटोंच्या मधे काय झालं ते कुठंय? पाणी गेलं हे कळलं. पण हळूहळू गेलं का एका महिन्यात गेलं, उन्हानं गेलं का मोटारीनं गेलं, मधे एकदा थोडं परत आलं होतं का, काहीच पत्ता नाही. एखाद्याचा लग्नातला फोटो आणि तेराव्याचा हार घातलेला फोटो शेजारी ठेवला तर माणूस कसा जगला ते थोडंच कळतं.

२०१६ चा उन्हाळा तुम्हाला आठवत असेलच, आमच्याकडं कोण विसरेल. एप्रिलात मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. फोटो देशभर गेले. आम्ही पण स्टेशनवर जाऊन काढला, माझ्या जुन्या मोबाइलमधे अजून असेल. पण रेल्वे यायच्या आधी लातूरला पाणी देणारं मांजरा धरण महिनोन् महिने खाली खाली जात होतं, त्या सगळ्या दिवसांचा माझ्याकडं एकही फोटो नव्हता, आणि मी रोज फोटो काढणारा माणूस बरं का, सूर्यास्त काढले, फुलपाखरं काढली, शेजारच्या बोक्याचे तर पंधरा-वीस. ते मनाला फार लागलं.

म्हणून त्या जूनमधे शाळा उघडली तसं आठवीच्या पोरांना म्हटलं की आपण गावामागच्या तलावाचा दर रविवारी सकाळी आठला एक फोटो काढायचा, वर्षभर, एकाच जागेवरून. टेकाडावर बाभळीचा एक खुंट रोवला, वरच्या टोकाला मोबाइल बसेल एवढी खाच सुताराकडून मारून घेतली. खाच महत्त्वाची आहे, कारण हातात धरून काढला की प्रत्येकाची उंची वेगळी, प्रत्येकाचा हात वेगळीकडं, मग फोटो एकावर एक बसत नाहीत. शिवाय फोटोत दोन गोष्टी कायम दिसल्याच पाहिजेत असं ठरलं, डावीकडचं लिंबाचं झाड आणि उजवीकडं सांडव्याचा दगडी खांब. पाणी हलेल, हे दोघं हलणार नाहीत.

१९ जूनला पहिला फोटो. तलावात पाणी किती, तर म्हशीनं बसावं एवढं. पुढच्या रविवारी तेवढंही नाही. एक पोरगं म्हणालं, सर, पानीच न्हाई, फोटूत काय काडावं? म्हटलं नाही त्याचाच काढ.

पाणी यायची वाट बघायचे ते दिवस, वर्गात दुसरं काही सुचेना म्हणून मी त्यांना घोड्याची गोष्ट सांगितली. कॅलेंडरवर पळणारा घोडा तुम्ही बघितला असेल, पुढचे दोन पाय पुढं फेकलेले, मागचे दोन मागं, पोट जमिनीला लागतंय की काय असं. जगभरचे चित्रकार शेकडो वर्षं तसाच काढत आले. अमेरिकेत लेलँड स्टॅनफर्ड म्हणून रेल्वेवाला श्रीमंत माणूस होता, त्याला घोड्यांचा नाद, आणि पळताना घोड्याचे चारी पाय एका वेळी जमिनीवरून सुटतात का हा त्याच्या डोक्यातला प्रश्न. त्यानं एडवर्ड मायब्रिज नावाच्या फोटोग्राफरला कामाला लावलं. जून १८७८ मधे पालो आल्टोला मायब्रिजनं धावपट्टीच्या कडेला बारा कॅमेरे ओळीत मांडले, आडव्या तारा लावल्या, घोडी पळत जाईल तशी एकेक तार ओढली जाऊन एकेक फोटो निघेल असं. फोटो धुतले तर चारी पाय खरंच हवेत होते. पण कधी, तर पाय पोटाखाली गोळा झालेले असताना, कॅलेंडरसारखे पसरलेले असताना नाही! म्हणजे एवढ्या लोकांनी एवढी वर्षं घोडा डोळ्यानं बघून चुकीचाच काढला. आमच्या वर्गातला एक पोरगा दरवर्षी माळेगावच्या यात्रेला जाणारा, बापाचा जनावरांचा व्यवहार, तो म्हणाला हे तर मला माहीतच होतं. असेल बाबा, म्हटलं, पण तू मायब्रिजला भेटला नाहीस.

मायब्रिजच्याच वयाचा फ्रान्समधे एक डॉक्टर होता, एतिएन-ज्युल मारे. दोघंही १८३० चे जन्मलेले आणि दोघंही १९०४ लाच गेले, नावाची आद्याक्षरं पण सारखीच, देवाची पण काय गंमत असते. या मारेनं १८८२ मधे एक बंदूक केली, गोळी न सुटता सेकंदाला बारा फोटो सुटणारी, आणि उडणाऱ्या पक्ष्यांवर रोखून पंखांचे फोटो काढले. पण त्याला तेवढ्यानं चैन पडेना, कारण फोटो चपटा असतो, पंख पुढं किती येतो मागं किती जातो ते त्यात नीट कळत नाही. मग वरून, बाजूनं आणि समोरून असे तिन्हीकडून फोटो घेतले आणि त्यावरून १८८७ च्या सुमाराला पक्ष्याची शिल्पं बनवली. माझ्या मते तो माणूस खरा ग्रेट इथं होतो. त्या शिल्पात समुद्रपक्षी एकच, पण पंख वर, पंख मधे, पंख खाली अशा त्याच्या सगळ्या अवस्था एकात एक घुसलेल्या, ब्राँझमधे ओतलेल्या. लांबून बघितलं तर पक्ष्यांची माळ वाटते, नीट बघितलं तर एकाच पक्ष्याचा गेलेला एक क्षण, लांबट, हातात धरता येणारा. मी फोटोतच बघितलंय, प्रत्यक्ष बघायला कोण नेतंय आपल्याला. पण पोरांना दाखवलं तेव्हा एक पोरगी म्हणाली, सर, ह्ये तर जिलबीचं पीठ सोडल्यावानी दिसतंय. बरोबर आहे की. हात फिरत गेला तो गेला, कढईत त्याची वाट राहिली.

मग पोरांचे प्रश्न सुरू. फोटोवरून मूर्ती होती का? होते. पॅरिसला १८६० च्या दशकात फ्रांस्वा विलेम नावाचा माणूस गिऱ्हाइकाला मधे उभं करून भोवती गोल २४ कॅमेरे लावायचा आणि त्या २४ फोटोंच्या कडा यंत्रानं मातीत उतरवून पुतळा करून द्यायचा. पण त्याचे २४ फोटो एकाच क्षणाचे, जागा २४. आपली जागा एकच, खुंटाची, आणि क्षण ५२. त्याला माणसाचं अंग मिळालं, आपल्याला मिळालं तर वर्षाचं अंग मिळेल. हे मी वर्गात बोललो आणि माझंच मला बरं वाटलं, पोरं मात्र खिडकीबाहेर बघत होती कारण पाऊस आला होता.

जुलैत थोडं पाणी आलं, ऑगस्टात परत खाली गेलं, आणि सप्टेंबर सरता सरता जो बदाबदा कोसळला तो तुम्ही छापलाच होता. त्याच पावसात मांजरा भरलं. आमचा तलाव दोन रविवारांत ताटाएवढा झाला, म्हणजे फोटोतला हो. पोरं नाचली.

आता कृती सांगतो, कारण पेपरात सगळे कल्पना सांगतात, कृती कुणी सांगत नाही. दर फोटोची झेरॉक्सवाल्याकडून ए-फोर प्रिंट काढायची. पाण्याची जी कड दिसते ती लाल पेनानं गिरवायची, कार्बन ठेवून पुठ्ठ्यावर उतरवायची आणि कटरनं तेवढा आकार कापायचा. पुठ्ठा टीव्ही-फ्रिजच्या खोक्याचा, अर्धा सेंटिमीटर जाडीचा, दुकानदार फुकट देतो. प्रत्येक तुकड्यावर तारीख. मग सगळे एकावर एक फेविकॉलनं चिकटवायचे, जून तळाला, पुढचा जून माथ्याला. ५२ थर म्हणजे २६ सेंटिमीटर, वीतभराला थोडं वर. पण एकावर एक ठेवायचे तरी कुठं धरून? तर तिथं लिंब आणि खांब कामाला आले. झाड आणि खांब फोटोत जिथं दिसतात तिथवर प्रत्येक पुठ्ठ्याला एक बारीक पट्टी ठेवली, तिला भोक पाडलं आणि भोकांतून सायकलच्या दोन तारा उभ्या घातल्या. थर आपोआप जागेवर. सगळं झाल्यावर पट्ट्या कापून टाकायच्या असं ठरलं होतं, पण मग डोलारा पडायला लागला म्हणून राहू दिल्या, आणि खरं सांगू, त्या आहेत म्हणूनच ते कुठलं तळं आहे ते कळतं. तिरक्या फोटोवरून केलेलं असल्यामुळं पलीकडचा काठ दबलेला येतो, सर्व्हेयरला हे चालणार नाही, आम्हाला चाललं.

तीन रविवार हुकले होते. एक दिवाळीचा, त्या वर्षी लक्ष्मीपूजनच रविवारी आलं, आणि दोन मे महिन्यातले, पोरं मामाच्या गावाला आणि मी लग्नात. माझं मत होतं की आधीच्या आणि नंतरच्या आकाराच्या मधला एक अंदाजे कापून टाकू, कोण बघतंय. तर तीच जिलबीवाली पोरगी म्हणाली, न्हाई सर, बगितलंच न्हाई तर कापावं कशाला. झालं, माझी बोलती बंद. तिथं पुठ्ठ्याऐवजी तारेत तेवढ्याच जाडीचे लाकडी मणी घातले, थर नाही, नुसती फट. आता ती वस्तू खिडकीत ठेवली की दिवाळीतून उजेड येतो.

आकार कसा झाला ते विचाराल. खाली बारीक दांडा, जुलैत त्याला एक गाठ, ऑगस्टात परत बारीक, मग पंधराव्या-सोळाव्या थराला एकदम बाहेर फेकलेला, आणि तिथून वर हळूहळू निमुळता होत गेलेला. माळेगाववाला पोरगा म्हणाला पालथी घागर हाय. मी काही बोललो नाही, आमच्या भागाला पालथ्या घड्याचं सांगायला नको.

एका पोराची आजी, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, शाळेत नातवाला डबा द्यायला आली होती. टेबलावर काय हाय म्हणून तिनं हात लावला. तळापासून बोट वर नेत नेत गेली. दांड्यावर म्हणाली ह्यो आखाड कोरडा. पुढं एकदम बोट बाहेर आलं तशी थांबली, म्हणाली, हां, ही पितरपाटातली झड. तिला कुणी काहीच सांगितलं नव्हतं, फक्त तळं आहे एवढं सांगितलं होतं. वर निमुळत्या भागावरून बोट घसरत चाललं होतं, तर माघाच्या आसपास एका जागी अडकलं, तिथं एक पायरी आहे, आठ दिवसांत पाणी एकदम दोन बोटं आत गेलेलं. तिनं परत परत बोट फिरवलं आणि विचारलं, आन् हितं कोन पेलं?

वर्गात एकदम शांत. कोण पेलं ते गावाला माहीत होतं, त्या आठवड्यात कुणाच्या मोटारी रात्रभर उसाला चालू होत्या ते लेकरांनाही माहीत होतं, त्यातल्या एकाचा पुतण्या दुसऱ्या बाकावर बसलेला. उन्हानं आटलेलं पाणी आणि उपसलेलं पाणी हाताला वेगवेगळं लागतं साहेब. एप्रिल-मेचे थर बघा, कसे एकसारखे उतरत गेलेत, वस्ताऱ्यानं तासल्यासारखे. आणि माघात ती खाच. रोज टक्केवारी छापून येते त्यात हे असतंच म्हणा, पण टक्के वाचून कुणी ‘कोण प्यालं’ विचारल्याचं मी तरी ऐकलं नाही. आजीनं जाताना हे आतून पोकळ हाय का, तूर ठेवाय येती का असंही विचारलं, ते सांगायचं राहिलं.

मी ती वस्तू बघत बसलो की मला वेरूळ आठवतं. सोळा नंबरचं कैलास लेणं, आठव्या शतकातलं, राष्ट्रकूटांच्या पहिल्या कृष्ण राजाचं, ते वरून खाली कोरत आणलंय. म्हणजे शिखर आधी सुटं झालं आणि जोत्यातले हत्ती शेवटी उजेडात आले. आपण खाली उभं राहून वर बघतो तेव्हा खरं तर उलट्या वर्षांत चढत असतो. आमचा ढीग त्याच्या उलटा, आमचं जुनं तळाला. आणि अजिंठ्याच्या सतरा नंबरच्या लेण्यात एकाच भिंतीवर एकच माणूस चार-चार ठिकाणी दिसतो, इथं जहाजात, तिथं लढाईत, मधे चौकट नाही की रेघ नाही, गाईड सांगेपर्यंत आपल्याला चार माणसं वाटतात. म्हणजे काळ एका जागी मांडायची खोड आमच्याच जिल्ह्यांतल्या दगडांत आहे, फ्रान्सला जायची गरज नाही. मारेचा मान कमी करत नाही हं मी.

इटलीचा उंबेर्तो बोच्योनी यानं १९१३ मधे चालत्या माणसाचा पुतळा केला, चालताना हवेत राहिलेली वाटच जणू अंगाला चिकटलेली, मांड्या-पोटऱ्या ज्वाळेसारख्या मागं ओढलेल्या. तो इटलीच्या वीस सेंटच्या नाण्यावर आहे. स्वतः बोच्योनीनं तो प्लॅस्टरमधेच केला, ब्राँझचे त्याच्या मागं ओतले गेले, तो बिचारा १९१६ मधे लष्करात घोड्यावरून पडून गेला. परत घोडा बघा. आणि २०१८ मधे अमेरिकेत एमआयटीच्या लोकांनी साध्या व्हिडिओवरून हालचालीचं शिल्प तयार करणारा प्रोग्रॅम केला, थ्रीडी प्रिंटरवर काढता येणारं. हे वाचून मी नाराज झालो नाही, उलट प्रिंटर पण थरावर थरच टाकतो, आमच्यासारखाच, फक्त फेविकॉल लागत नाही. ज्या शाळांत सरकारी योजनेतली अटल टिंकरिंग लॅब आलीय तिथं तो प्रिंटर असतो, त्यावर किचेन काढण्यापेक्षा गावचं तळं काढा.

आमची वस्तू एका विज्ञान प्रदर्शनात नेली होती. परीक्षक साहेबांनी विचारलं, यात चालतं काय? म्हटलं वर्ष चालतं. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि पुढच्या टेबलावर हवेवर चालणाऱ्या ट्रेनकडं गेले. नंबर आला नाही. त्याचं मला फार वाटलं नाही, वाटलं ते पुढं. आमच्या तालुक्याच्या गावी एका चौकात सुशोभीकरण झालं, तर तिथं काय बसवलं असेल? फायबरचे दोन डॉल्फिन! निळे. तोंडातून कारंजं उडणार म्हणे. समुद्र आमच्यापासून कुठल्या कुठं, नळाला पाणी आठ-दहा दिवसाला, आणि चौकात डॉल्फिन. कारंजं मी एकदाच उडालेलं बघितलं, उद्घाटनाला, तेही टँकर लावून. आता एका डॉल्फिनची शेपटी तुटलीय आणि हौदात गुटख्याच्या पुड्या. मी संबंधितांना अर्ज दिला की त्या चौथऱ्यावर तालुक्याच्या तलावाचं एक वर्ष पत्र्याच्या थरांत उभं करू, पोरं फोटो काढतील, पत्रा कापायला आपले वेल्डिंगवाले आहेत. अर्ज आवक-जावकमधे गेला. जावक झालेला नाही.

तर साहेब, माझी मागणी तुमच्याकडं आहे, आणि ती लहान आहे. धरणाचे दोन मोठे फोटो वर्षातून एकदा छापण्याऐवजी एक छोटा फोटो, पोस्टकार्डाएवढा, दर रविवारी छापा. एकाच जागेवरून, एकाच वेळेला, कडेला न हलणाऱ्या दोन खुणा दिसतील असा. तुमचे वार्ताहर प्रत्येक जिल्ह्यात आहेत, तेव्हा धरण पण प्रत्येक जिल्ह्याचं आपापलं घ्या, आमच्याकडं मांजरा, पैठणला नाथसागर. खाली टक्केवारी टाका पाहिजे तर. बाकी शाळा बघून घेतील, पुठ्ठा आणि कात्री सगळ्यांकडं असते. फोटो हुकला तर त्या रविवारी जागा कोरी सोडा, जुनाच फोटो परत टाकू नका, आमच्या पोरीला ते चालणार नाही.

त्या वर्षाची वस्तू सध्या माझ्या कपाटावर आहे. उंदरांनी सप्टेंबर थोडा कुरतडला, बाकी शाबूत आहे. टेकाडावरचा खुंट कुणीतरी सरपणाला नेला होता, तो मी गेल्या महिन्यात परत रोवलाय, या वेळी लोखंडी पाइपचा, आणि खाच नव्या मोबाइलच्या मापाची केलीय. रविवारी सकाळी आठला तिथंच असतो, तुमचा फोटोग्राफर आला तर चहा घरून आणीन.

आपला जुना वाचक,
एक निवृत्त चित्रकला शिक्षक, जि. लातूर
(नाव छापू नये ही विनंती, डॉल्फिनमुळं.)